भट्टीचा घुमट तापतो, तळ थंड राहतो: पाडापाडीआधी काय तपासावं

ताई, तुमचा प्रश्न मला असा कळला. मालवणच्या बाजूला घरामागे तुम्ही गेल्या उन्हाळ्यात लाकडाची भट्टी बांधून घेतली. चौथरा जांभ्याच्या चिऱ्यांचा, त्यावर काँक्रीटचा स्लॅब, स्लॅबवर सिमेंटमध्ये बसवलेली शहाबादी फरशी आणि तिच्यावर पक्क्या भाजक्या विटांचा घुमट. आतला व्यास तीन फूट, मधली उंची ४८ सेंटिमीटर, दार ३६ सेंटिमीटर उंच, धुराडं घुमटाच्या बरोबर डोक्यावर. तीन तास जाळ केला तरी छत ३८० अंश दाखवतं आणि तळ जेमतेम १९०. पिझ्झा वरून करपतो, खालून कच्चा. निखारे काढले की तासाभरात सगळं थंड, म्हणून पाव होतच नाहीत. घुमटाला तीन भेगा गेल्या आहेत. विटा खराब निघाल्या असं गवंडी सांगतो, आणि सगळं पाडून फायरब्रिकची, म्हणजे उष्णता सहन करणाऱ्या विटांची, नवी भट्टी बांधावी का, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

पाडू नका. निदान आत्ता तरी नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून विटांचा दोष दिसत नाही. छत ३८० पर्यंत जातं याचा अर्थ जाळ चांगला आहे, लाकूड ठीक आहे आणि विटा उष्णता घेत आहेत. ती टिकत नाही, कारण तिला अडवणारं काहीच नाही. तळातून ती स्लॅबमध्ये उतरते आणि धुराड्यातून वर निघून जाते. उद्या महागातली महाग फायरब्रिक आणून त्याच स्लॅबवर, त्याच पद्धतीने घुमट बांधलात तर पुन्हा हाच प्रश्न घेऊन बसाल.

मी कोकणात आणि गोव्यात घरांसाठी आणि होमस्टेंसाठी भट्ट्या बांधतो, दुरुस्त करतो आणि स्वतः पाव भाजतो. भट्टी तापत नाही म्हणून बोलावणं येतं तेव्हा बहुतेक वेळा दुखणं तळाखालीच असतं. लोक घुमटावर जीव ओततात. तो दिसतो, त्याचे फोटो निघतात. तळाखाली काय घातलं हे कोणी विचारत नाही.

आता यात तुमच्या गवंड्याची बाजूही समजून घ्या. आपल्याकडे भट्टी बांधणारे जुने हात शिकले ते बेकऱ्यांच्या भट्ट्यांवर. गोव्यातल्या पदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी घ्या. जांभा आणि मातीची, भिंती जाड, पोटात मणामणाने भरलेली वाळू. ती रोज पेटते. पहाटेचे पाव निघाले की दुपारच्या घाण्याची तयारी सुरू होते. अशी भट्टी वर्षानुवर्षं पूर्ण थंड होतच नाही. सकाळी लाकूड घालताना तिच्या अंगात कालची ऊब असतेच. तिथे जाड भिंत हाच मोठा गुण. जितकं वजन जास्त तितका साठा जास्त, आणि साठा रोज भरला जातो.

घरची भट्टी आठवड्यातून एकदा पेटते. दर वेळी तिला पावसाळी गारव्यापासून वर न्यायचं असतं. इथे जाड वजन उलट नडतं, कारण तुमचं निम्मं लाकूड ते वजन कोमट करण्यातच संपतं. हिशोब करून बघा. तीन फुटी भट्टीचा साडेचार इंची घुमट आणि विटेचा तळ मिळून पावणेपाचशे किलोच्या आसपास भरतात. त्यांना तापवायला सुकं लाकूड पुरेसं आहे, कारण एका किलो सुक्या लाकडात साधारण १५ मेगाज्यूल ऊर्जा असते. पण तुमच्या तळाला चिकटलेला दहा सेंटिमीटरचा स्लॅब चौरस मीटरला आणखी २४० किलोचा आहे. त्याच्याखाली चिरे. हे सगळं तुमच्या फरशीतून उष्णता ओढत राहतं. थंडीच्या रात्री शहाबादीवर काही न अंथरता झोपून वरून दोन गोधड्या घेतल्या तर पाठ जशी गारच राहील, तसं तुमच्या तळाचं झालंय. गळती खालून, आणि विटांना दोष.

म्हणून नवी भट्टी बांधणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारतो: आठवड्यातून किती वेळा पेटवणार? रोज पेटवणार असाल तर जाड बांधा. शनिवार-रविवारी पाहुणे आले की पेटवणार असाल तर आतलं वजन बेताचं ठेवा आणि उष्णता अडवणारा थर जाड घ्या. दुसरा प्रश्न, काय भाजणार? फक्त पिझ्झा असेल तर जाळ चालूच असतो, साठ्याची गरज कमी. पाव मात्र निखारे बाहेर काढल्यावर, नुसत्या साठलेल्या उष्णतेवर भाजायचे असतात. तुम्हाला दोन्ही हवंय, पेटवणार आठवड्याला एकदा-दोनदा. त्याला साडेचार इंची घुमट योग्य आहे. तो तसाच राहू द्या.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक तपासणी करा. नेहमीसारखा तीन तास जाळ करा आणि चौथऱ्याच्या पोकळीत, म्हणजे लाकडं ठेवता तिथे, वाकून स्लॅबच्या खालच्या अंगाला हात लावा. हात टेकवून ठेवता येत नसेल इतका तो तापला असेल तर माझं निदान बरोबर. स्लॅब खालून गार असेल तर फरशीच्या खाली पोकळी आहे किंवा ओल आहे, आणि मग आधी फरशी उचलून बघावं लागेल. फोटोवरून आणि आकड्यांवरून मला पहिली शक्यता वाटते. तापमापकाची पिस्तूल तुमच्याकडे आहेच. जाळ आवरल्यावर अर्ध्या अर्ध्या तासाने तळ, छत आणि मागची भिंत अशा तीन आकड्यांची वहीत नोंद ठेवा. दुरुस्तीनंतर तीच नोंद पुन्हा घेतली की फरक कळेल.

आता तळ. शहाबादी तशीही आत नको. तो थरांचा दगड आहे, थेट निखाऱ्यांखाली त्याचे पापुद्रे सुटतात, आणि ओल असेल तर आवाज करून टवके उडतात. घुमट फरशीवर टेकलाय की स्लॅबवर, हे आधी पाहा. स्लॅबवर असेल तर फरशी सरळ उचकटून काढता येईल. फरशीवर असेल तर भिंतीपासून पाचेक सेंटिमीटर सोडून कटरने गोल काप घ्या आणि आतलाच भाग काढा. घुमटाखालची कड हलवायची नाही. काम दारातून आडवं पडून करावं लागतं, धूळ भयंकर उडते, म्हणून नाकाला चांगला मास्क लावूनच माणूस आत घाला. फरशी आणि खालचं सिमेंट मिळून सातआठ सेंटिमीटर जागा मोकळी होईल.

तिथे पहिला थर उष्णता अडवणारा. माझी पसंती कॅल्शियम सिलिकेटच्या पाच सेंटिमीटर जाड पाट्यांना आहे. भट्ट्यांचं सामान विकणाऱ्यांकडे कोल्हापूर, पुणे, मुंबईला त्या मिळतात. वजन सहन करतात आणि जागा कमी खातात. पाट्या जमत नसतील तर पर्लाइट किंवा व्हर्मिक्युलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके दाणे) पाच भाग, सिमेंट एक भाग, आणि ओलसर मुठीत गोळा होईल इतकंच पाणी. हे मिश्रण दहा सेंटिमीटर तरी हवं, आणि तेवढी जागा तुमच्याकडे नाही. शिवाय ते पूर्ण वाळायला फार वेळ घेतं. म्हणून तुमच्यासाठी पाट्याच. त्यावर फायर क्ले (उष्णता सहन करणारी माती) आणि बारीक वाळूचा बोटभर कोरडा थर, फक्त सपाटीसाठी. आणि त्यावर फायरब्रिक, आडव्या निजवलेल्या, दर्जा (विटांमधल्या फटी) न भरता, एकमेकींना घट्ट टेकवून. एखादी वीट पुढे फुटली तर तेवढीच उचलून बदलता येते. विटा दारापासून तिरक्या, माशाच्या काट्यांच्या नक्षीसारख्या मांडल्या तर पाव काढायची फळी कडांना अडत नाही.

फायरब्रिक घेताना दुकानदार आयएस-६ आणि आयएस-८ असे दोन दर्जे सांगेल. आयएस-८ जास्त उष्णतेच्या कारखानी भट्ट्यांसाठी. पावाच्या भट्टीला आयएस-६ पुरते, कारण आपण पाचशे अंशांच्या वर क्वचित जातो. नऊ बाय साडेचार बाय तीन इंची एक वीट चार किलोच्या आसपास भरते. तुमच्या तळाला छाटणीतली नासधूस धरून तीसेक विटा लागतील, म्हणजे हे काम घुमट पाडण्याच्या मानाने फार छोटं आहे.

तुमच्या गवंड्याने फरशीखाली काचेचा चुरा आणि मीठ घालायला सुचवलं, असंही तुम्ही लिहिलंय. ही पद्धत खरी आहे, जुन्या बेकऱ्यांच्या भट्ट्यांत वाळू, मीठ आणि फुटक्या काचा भरलेल्या मी स्वतः पाहिल्यात. पण ती रोज पेटणाऱ्या भट्टीची पद्धत आहे. वाळू, काच, मीठ हे सगळं वजन आहे, ते उष्णता साठवतं. तुम्हाला साठा वाढवायचा नाही, गळती थांबवायची आहे. आणि तुमच्या बाबतीत मिठाला माझा ठाम नकार आहे. कोकणच्या दमट हवेत मीठ ओल धरतं, ती खारट ओल स्लॅबमध्ये झिरपते आणि आतल्या सळया गंजवते. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. जुन्या भट्ट्यांच्या चौथऱ्यात लोखंड नव्हतं, म्हणून तिथे मीठ खपून गेलं.

तळ असा केला की तो आधीपेक्षा सहा सेंटिमीटर वर येईल. हे तुमच्या फायद्याचंच आहे, कारण तुमचं दार घुमटाच्या मानाने उंच आहे. घुमटाच्या आतल्या उंचीच्या ६३ टक्क्यांच्या आसपास दाराची उंची, असा एक जुना ठोकताळा आहे आणि तो प्रत्यक्षात चांगला उतरतो. दार त्याहून फार बुटकं झालं तर जाळाला हवा मिळत नाही, भट्टी धुराने कोंदते. उंच झालं तर छताखाली जमलेली गरम हवा सरळ बाहेर वाहते. तुमचं सध्याचं प्रमाण ३६ ला ४८, म्हणजे ७५ टक्के. तळ उचलल्यावर ते ३० ला ४२ होईल. मग दाराच्या कमानीला आतून ३८ मिलिमीटरच्या पातळ फायरब्रिकची दुसरी कमान दिली की दार २६ सेंटिमीटरवर येतं आणि प्रमाण बासष्टच्या पुढेमागे बसतं. मोठं पातेलं मग आत जाणार नाही, हे मात्र आधी मनाशी ठरवा. बिर्याणीचा हंडा आत ठेवायचाच असेल तर ती दुसरी कमान सोडून द्या आणि लाकूड थोडं जास्त जाळा.

आता धुराड्याकडे येतो. घुमटाच्या डोक्यावरचं धुराडं दिसायला बरोबर वाटतं, कारण चुलीच्या वर धूर जातो हे आपण लहानपणापासून पाहतो. भट्टीचं चलन वेगळं आहे. दाराच्या खालच्या अर्ध्या भागातून थंड हवा आत शिरते, तळावरून मागे जाळापर्यंत जाते, तापून छताला लागते, छतावरून घरंगळत पुढे येते आणि दाराच्या वरच्या अर्ध्या भागातून बाहेर पडते. एकाच दारातून दोन्ही वाहतुकी. छतावरून हा जो उलटा प्रवास होतो त्यातच घुमट तापतो. डोक्यावर भोक पाडलं की ज्वाळेला हा फेरा मारायचं कारणच उरत नाही. ती सरळ वर जाते आणि तुमचं लाकूड मालवणचं आकाश तापवतं.

ते भोक बुजवा. वीट पाचरीसारखी तासा, वरून रुंद आणि खालून निमुळती, म्हणजे ती आत पडू शकणार नाही. फायर क्लेच्या लगद्यात ती वरून बसवा. धुराडं दाराच्या बाहेर, कमानीच्या लगेच पुढे एक छोटी ओटी बांधून तिच्यावर घ्या. तुमच्या आकाराला सहा इंची नळी पुरते, उंची निदान तीन फूट. त्याहून आखूड असेल तर ओढ येत नाही आणि धूर तोंडावर येतो. पेटवताना पहिली दहा मिनिटं थोडा धूर समोरून येईलच. नळी तापली की ओढ धरते.

भेगांबद्दल तुम्ही फार काळजीत दिसता, म्हणून जरा सविस्तर. लाकडाच्या प्रत्येक भट्टीला भेगा जातात. वीट तापली की फुगते, आतली बाजू बाहेरच्यापेक्षा जास्त फुगते, आणि ताण कुठेतरी मोकळा होतो. नखाच्या कडेइतकी भेग असेल, थंड झाल्यावर मिटत असेल, तर तिच्याकडे दुर्लक्ष करा. घुमटाचा आकारच असा आहे की प्रत्येक वीट शेजारणीवर रेलते. भेग असूनही तो उभा राहतो. काळजी कधी करायची? वीट दाबल्यावर हलते, दोन विटांच्या पातळीत फरक पडलाय, किंवा आत राखेत सिमेंटची वाळू गळलेली सापडते, तेव्हा.

ती वाळू तुम्हाला सापडत असणार, कारण दर्जा साध्या सिमेंटने भरल्यात. साधं सिमेंट तीनशे अंशांनंतर ताकद सोडायला लागतं. चारशे-पाचशेच्या दरम्यान त्यातल्या चुन्याच्या भागातलं पाणी उडतं, पुढे पावसाळी हवेतलं पाणी तो पुन्हा पितो, फुगतो आणि भुगा होतो. तापवणं आणि ओल, तापवणं आणि ओल, असं कोकणात दर वर्षी होणारच. त्यामुळे आतल्या दर्जा दीड-दोन सेंटिमीटर खरवडून काढा आणि वाळू तीन भाग, फायर क्ले एक, चुना एक, सिमेंट एक असं मिश्रण भरा. यातलं सिमेंट फक्त सुरुवातीला धरून ठेवण्यापुरतं. ते जळालं तरी माती आणि चुना जागेवर राहतात. भरण्याआधी दर्जा पाण्याने ओल्या करा, नाहीतर कोरडी वीट मिश्रणातलं पाणी शोषून घेते आणि ते पकडत नाही. विटा बदलायची गरज मला दिसत नाही. घट्ट, वाजवल्यावर खणखणणारी भाजकी वीट घरच्या भट्टीत वर्षानुवर्षं टिकते. हलकी, तुसाच्या भोकांची वीट असती तर वेगळं सांगितलं असतं.

हे झाल्यावर घुमटाला बाहेरून पांघरूण. सिरॅमिक फायबरची एक इंची गादी रोलमध्ये मिळते, तिचे दोन थर, त्यावर कोंबड्यांची जाळी, मग पर्लाइट-सिमेंटचा दीड-दोन इंची लेप आणि शेवटी चुन्याचा गिलावा. गादी कापताना तिचे तंतू हवेत उडतात आणि ते फुप्फुसाला वाईट. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. उघडी गादी एक दिवसही पावसात राहू देऊ नका.

खर्च वाढत असेल तर एक स्वस्त मार्ग आहे. भातगिरणीतून तुसाची राख आणा. उष्णता अडवायला ती फार चांगली आहे. घुमटाभोवती हातभर अंतरावर चिऱ्यांची चौकट उभी करा आणि मधली पोकळी राखेने भरा. जागा जास्त जाते आणि राख पूर्ण कोरडी राहिली पाहिजे, कारण भिजलेली राख उष्णता अडवत नाही. पण सिंधुदुर्गात भाताची कमी नाही आणि चिराही जवळच मिळतो, त्यामुळे हा पर्याय तुमच्या भागात मला मनापासून आवडतो.

दुरुस्तीनंतर लगेच मोठा जाळ करू नका. ओल्या कामात अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की ती मूळ आकाराच्या सोळाशेपटीहून जास्त जागा मागते, आणि तिला वाट मिळाली नाही तर ती वाट फोडते. आठवडाभर तसंच वाळू द्या. मग सलग पाच-सहा दिवस छोटे जाळ. पहिल्या दिवशी करवंट्या आणि काटक्यांवर दीडशे अंशांच्या आत, चारपाच तास. दर दिवशी तीस-चाळीस अंश वर. गिलाव्यातून वाफ निघताना दिसेल, हात लावला तर ओलसर लागेल. ते थांबेपर्यंत वर जायचं नाही. दर पावसाळ्यानंतरच्या पहिल्या पेटवणीलाही हाच क्रम, फक्त दोन-तीन दिवसांत उरकतो.

आता वापर. तुमची पेटवायची पद्धत मी वाचली, मागच्या कोपऱ्यात जाळ आणि तीन तास तिथेच. त्यात थोडा बदल करा. जाळ मधोमध पेटवा, दाराच्या जरा आत, आणि हळूहळू मागे सरकवत न्या. निखाऱ्यांखालची फरशी तेवढीच तापते, म्हणून शेवटी ते सगळ्या तळावर पसरून वीसेक मिनिटं ठेवा. पहिल्या तासात घुमट आतून काजळीने काळा होईल. मग साडेतीनशे अंशांच्या आसपास ती काजळी जळायला लागते आणि घुमट वरून खाली पांढरा पडत येतो. तापमापक नसेल त्यालाही हा संकेत पुरतो. डोक्यावरचा भाग आधी पांढरा होतो, कडा शेवटी. कडांपर्यंत पांढरं झालं की भट्टी पिझ्झ्याला तयार. निखारे एका बाजूला लोटा, तळ झाडून घ्या, बाजूला एखादं बारीक लाकूड पेटतं ठेवा, म्हणजे वरून ज्वाळेची झळ मिळत राहील. तळ ३५० ते ४०० असेल तर पिझ्झा दोन-तीन मिनिटांत होतो आणि दोनदा फिरवावा लागतो.

पावाचा वेळ त्यानंतर. सगळे निखारे पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात काढा. सुती पोतं पाण्यात पिळून काठीला बांधा आणि तळ झरझर पुसा. ओलं पोतं एका जागी थांबवू नका, विटेला तडा जातो. मग दार बंद करून पाऊण-एक तास भट्टीला तशीच सोडा. या तासात वरची उष्णता आणि तळाची उष्णता एकमेकींच्या जवळ येतात. घाईने लगेच पाव घातले तर बाहेरून काळे आणि आत चिकट होतात. बंद करायला जाड लाकडी दार करा, आतल्या अंगाला पाटी किंवा गादी आणि वर पत्रा. तुम्ही फोटोत नुसता लोखंडी पत्रा लावलेला दिसतो. त्यातूनही बरीच उष्णता जाते.

तासानंतर तळावर चिमूटभर मैदा टाका. लगेच काळा पडला तर अजून थांबा. दहा-पंधरा सेकंदांत बदामी झाला तर मोठे, भरीव पाव घाला. लादीपाव मी तळ २३० च्या आसपास असताना घालतो, बारा ते पंधरा मिनिटांत होतात. पीठ भट्टीची वाट बघू शकतं, भट्टी पिठाची वाट बघत नाही. म्हणून पीठ अशा बेताने मळा की निखारे काढताना गोळे लादीत बसून फुगायला लागलेले असतील. पाव दाटीवाटीने भरा. भरलेल्या भट्टीत त्यांच्याच ओलाव्याची वाफ राहते आणि वरची साल पातळ येते. चार पाव एकटे ठेवले तर ते कोरडे पडतात.

दुरुस्तीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी दीडशेच्या आसपास असायला हवी. त्यात नानकटाई होते, त्याच्या पुढे मातीच्या भांड्यात मटण किंवा हरभरे तासन्‌तास शिजतात, आणि साठ-सत्तर अंशांवर आली की सुकवणीची कामं. मे अखेरीस वळवाचा पाऊस आला आणि आमसुलं-फणसपोळी अर्धवट वाळलेली असली की ही भट्टी किती उपयोगाची आहे ते तुम्हाला कळेल. दार मात्र थोडं उघडं ठेवा, ओलावा बाहेर जायला हवा.

लाकडाबद्दल थोडक्यात. तीन फुटी भट्टीला १५ ते २० किलो सुकं जळण पुरावं. तुम्ही सध्या याच्या दुप्पट जाळताय, ते कमी होईल. बाभूळ, सुरू, आंबा, चिंच, काहीही चालेल, फक्त फोडून सहा महिने तरी छपराखाली वाळलेलं हवं. दोन ओंडके एकमेकांवर आपटले की ठणठण वाजले पाहिजेत. ओल्या लाकडाची बरीच ताकद स्वतःचं पाणी उडवण्यात जाते आणि वर धूर. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, जुनं फर्निचर, खोक्यांच्या फळ्या यांतलं काहीही आत घालू नका, त्याच तळावर तुम्ही पाव ठेवता. किनाऱ्यावर वाहून आलेली खारी लाकडंही नकोत. कण्हेर आणि बिब्बा या दोन झाडांचं जळण तर भट्टीच्या आसपासही आणू नका.

धुराचा विचार शेजाऱ्यांसाठीही करा. मुंबईत हवेच्या प्रदूषणावरून उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. तुमच्या अंगणातल्या भट्टीचा त्या आदेशाशी संबंध नाही, पण सुकं लाकूड आणि मोकळा जाळ ठेवला तर पहिल्या अर्ध्या तासानंतर धुराड्यातून धूर जवळजवळ दिसत नाही, आणि तो दिसत असेल तर काहीतरी चुकतंय असं समजा. दुसरी, जिवाची गोष्ट: बाहेर काढलेले निखारे पडवीत किंवा बंद खोलीत ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

छप्पर हवं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. मालवणच्या पावसात हवंच. पत्रा घुमटापासून निदान चार फूट वर, धुराडं त्यातून बाहेर, नळी आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटं मोकळी जागा आणि वर पावसाची टोपी. चौथऱ्याच्या पायथ्याशी पाणी साचू नये म्हणून चर खणा, चिरा जमिनीतलं पाणी वर ओढतो.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी तळ, मग डोक्यावरचं भोक बुजवून धुराडं पुढे घेणं, नंतर दर्जा, आणि सगळ्यात शेवटी गादी आणि गिलावा. यंदा पैसे एकाच कामापुरते असतील तर तळ करून घ्या आणि डोक्यावरचं भोक वीट व मातीने तात्पुरतं बुजवून धूर समोरून जाऊ द्या, उघड्यावर तेवढा चालतो. वाळायला आणि छोट्या जाळांना मिळून दोन आठवडे लागतात, म्हणून काम एप्रिलच्या आत सुरू करा. दोन-तीन पेटवण्यांनंतर वहीतले आकडे पाठवा. तळ आणि छत यांतला फरक तासाभराच्या विश्रांतीनंतरही पन्नास अंशांपेक्षा जास्त राहिला, तर पाट्यांच्या खाली ओल आहे का ते बघावं लागेल.